आबांच्या मनीऑर्डरी

"माझा संसार एकोणसाठाव्या वर्षी सुरू झाला."

आजी हे इतकं सहज बोलते की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं हिचा हिशोब चुकला. लग्न १९५८ चं, तेव्हा ती एकोणीस वर्षांची, पुढे चार मुलं झाली, त्यांची लग्नं झाली, नातवंडं झाली आणि संसार म्हणे एकोणसाठाव्या वर्षी. पण ती बरोबरच सांगते. आबा कायमचे गावी आले ते १९९८ ला. त्याआधीची चाळीस वर्षं ते मुंबईत आणि ती संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत, मधे काय ते सण आणि मनीऑर्डर.

गेल्या डिसेंबरात आबा गेले. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९३२, आता त्या काळी मास्तर ज्याची तारीख माहीत नाही त्याला सरसकट १ जून लावून टाकायचे त्यामुळे खरी तारीख देवालाच ठाऊक, पण दाखल्याप्रमाणे त्र्याण्णव वर्षं. भरलं आयुष्य, असं भेटायला आलेला प्रत्येकजण म्हणाला. सुटले, असंही म्हणाले काहीजण. मला दोन्ही शब्द त्या दिवशी नको होते. माझं माणूस गेलं होतं, मला रडायचं होतं बस.

पण आज रडगाणं लिहायला बसले नाहीये. आबांबद्दल लिहायचंय, कारण त्यांच्यासारख्या माणसांना कुटुंबवत्सल वगैरे कोणी म्हणत नाही. कुटुंबवत्सल म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर कोण येतं तर संध्याकाळी घरी येणारा, मुलांचा अभ्यास घेणारा, रविवारी बायकोला फिरायला नेणारा माणूस. आबा तर घरी नसायचेच. आणि तरी मी पाहिलेल्या सगळ्या माणसांत एवढा घरचा माणूस दुसरा नाही.

१९५० ला आबा मुंबईला आले, अठरा वर्षांचे, शिक्षण चौथी. वाडीतून चालत खाडीपर्यंत, तिथून होडीने जयगड, जयगडला पडावातून बोटीवर चढायचं आणि मग भाऊच्या धक्क्यावर उतरायचं. बोट लागून लागून पोटातलं सगळं बाहेर आलं होतं म्हणे आणि धक्क्यावर उतरल्यावर पहिली गोष्ट काय केली तर गावच्या माणसाने दिलेल्या दोन केळ्यांपैकी एक पिशवीत ठेवलं, लहान भावासाठी. भाऊ गावी होता! ते केळं चार दिवसांनी खोलीत काळं पडलं तेव्हा त्यांना कळलं म्हणे की आपण आता किती लांब आहोत. हे सांगताना आबा दरवेळी मधेच थांबायचे.

राहायला काळाचौकीला गावकीची खोली. ज्यांना गावकीची खोली म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, एका गावच्या मंडळाने चाळीत एक खोली घ्यायची आणि गावातून येणाऱ्या गड्यांनी महिन्याला ठरलेली वर्गणी देऊन तिथे राहायचं. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-बावीस माणसं. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. झोपायचं पाळीप्रमाणे, म्हणजे पहिल्या पाळीवाला सकाळी सातला गिरणीत गेला की त्याच्या जागेवर तिसऱ्या पाळीवाला येऊन पडायचा. बाकीचे गॅलरीत, जिन्यात, पावसाळा नसेल तर रस्त्यावर. जेवण खानावळीत.

गिरणीत आधी बदली कामगार. रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी खाडा केला असेल तर आत घेणार, नाहीतर परत. अशी पाच-सहा वर्षं काढली, मधे संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांनाही जाऊन आले, आणि मग साचेखात्यात परमनंट झाले. साचा म्हणजे माग, लूम. आधी दोन साचे मग चार साचे. साचेखात्यात आवाज एवढा की शेजारच्याशी बोलायचं तर हातवारे नाहीतर ओठांच्या हालचाली. सूत तुटू नये म्हणून खिडक्या बंद आणि हवेत पाण्याचे फवारे, वर कापसाचं तूस, त्यामुळे उन्हाळ्यात आत काय होत असेल ते विचारच करायला नको. आबांचे कान त्या खात्यानेच नेले. माझ्या लहानपणी त्यांना ऐकायला फार कमी यायचं पण तुमच्या ओठांकडे बघून ते सगळं समजायचे, अगदी आम्ही पडवीच्या दुसऱ्या टोकाला कुजबुजलो तरी! आम्हा नातवंडांना ती जादू वाटायची.

आणि त्यांची गाठ. साच्यावर तार तुटली की ती जोडायची गाठ एवढीशी लागते, जाड झाली की फणीत अडकते आणि कापडात दोष येतो. दोन्ही टोकं डाव्या हाताच्या अंगठ्याखाली धरायची, उजव्या हाताने एक वेढा, टोक खाली, चिमटीत ओढलं की झालं. डोळ्याची पापणी लवेपर्यंत. गिरणी सुटून पंधरा-वीस वर्षं झाली तरी आबांची बोटं दुसरी गाठ बांधायलाच तयार नव्हती. पडवळाचा मांडव, गोणीचं तोंड, गणपतीच्या माटवीची दोरी, सगळीकडे तीच. मी सुट्टीत गावी असले की माझ्या वेणीची रिबीनसुद्धा आबा त्याच गाठीने बांधायचे आणि रात्री आईला ती सुटायची नाही, ती कात्री शोधत बसायची. तशी रिबिनीची तीन-चार कापलेली टोकं अजून माझ्याकडे आहेत.

तर मनीऑर्डरी.

दर महिन्याच्या पगाराला आबा आधी मनीऑर्डर करायचे, मग खानावळ, मग खोलीची वर्गणी, आणि उरलं तर स्वतःला. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कुपन असायचं, त्यावर दोन-चार ओळी लिहायला जागा, ते कुपन पोस्टमन पैशांबरोबर घरी द्यायचा. आजीला तेव्हा वाचता येत नव्हतं. पोस्टमन वाडीत यायचा, पडवीत बसून पाणी प्यायचा, अंगठा घ्यायचा, पैसे मोजून द्यायचा आणि कुपन वाचून दाखवायचा. एकदाच. पुन्हा वाचा असं सांगायची सोय नव्हती, एक तर त्याला पुढच्या वाड्या असायच्या आणि दुसरं म्हणजे लाज. म्हणून आजी कान देऊन ऐकायची आणि पाठ करायची.

आबा गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी आणि काकांनी ती पत्र्याची ट्रंक उघडली. आत गिरणीचा बिल्ला, एक धोटा, म्हणजे साच्यावर आडवं सूत इकडून तिकडे नेतो तो, पितळी टोकं काळी पडलेला, आणि आजीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली कुपनं. आजीनेच ठेवलेली. मी मोजली, चारशे एकतीस. काही वाळवीने खाल्ली असणार.

१९६० च्या एका कुपनावर लिहिलंय, "रु. ३५ पाठवले आहेत. मुलगी झाली असे कळले, आनंद झाला. डिंकाचे लाडू करून घेणे, पैशाकडे बघू नये. पुढच्या महिन्यात जास्त पाठवतो." ही माझी थोरली आत्या. महाराष्ट्र राज्य आणि आत्या एकाच वर्षीचे. आबांनी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पाच महिन्यांची होती. चार बाळंतपणं झाली आजीची, त्यातल्या एकाच वेळी आबा घरात होते, ते पण गणपतीला आले होते म्हणून.

नंतरच्या कुपनांवर तर रकमेची वाटणी पण असते. २० घरात. ५ थोरल्याची फी आणि पाटी. ३ धाकट्याला ताप होता त्याचे औषध. २ तुला. "२ तुला" हे प्रत्येक कुपनावर आहे. कधी १ तुला, एका दिवाळीला ७ तुला. आजीला विचारलं त्या दोन रुपयांचं काय करायचीस, तर म्हणाली, "काय करणार, पोरांसाठीच जायचे. पण ह्यांनी लिहिलेलं असायचं ना."

आता १९६७ चं सांगते. माझे बाबा तेव्हा तीन महिन्यांचे. ११ डिसेंबरला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर म्हणजे सह्याद्रीच्या पलीकडे, आमच्यापासून सरळ रेषेत काहीच लांब नाही. आबा तेव्हा तिसऱ्या पाळीला होते. मुंबईलाही धक्का बसला होता पण साचेखात्यात जमीन कायमच थरथरत असते, त्यामुळे आत कोणाला पत्ताच नाही. सकाळी सातला बाहेर आले तर रस्त्यावर सगळीकडे तेच बोलणं, कोयना, कोयना. आबा खोलीवर गेलेच नाहीत. रजा मागितली, मिळाली नाही, तसेच निघाले. खिशात जे होतं त्यात एसटी, कशेडी घाट उतरून खेड, चिपळूण, आणि शेवटचे काही कोस अंधारात चालत. अंगावर गिरणीतलेच कपडे आणि केसांत कापूस.

आजी सांगते, मागच्या मातीच्या भिंतीला आरपार भेग गेली होती म्हणून ती मुलांना घेऊन खळ्यात झोपली होती, पेंढ्यावर, शेकोटी करून. पहाटे कुत्रं भुंकलं आणि बघते तर हे उभे. काही बोलले नाहीत. एकेक गोधडी उचलून मुलं मोजली. एक, दोन, तीन. मग तिच्या शेजारी बसले आणि तिथेच बसल्या बसल्या झोपले. दोन दिवस राहून भिंतीला टेकू दिला आणि परत गेले. विनारजा गेल्याबद्दल पगार कापला, वर ताकीद मिळाली. त्या महिन्याच्या कुपनावर रक्कम कमी आहे आणि लिहिलंय, "या महिन्यात थोडे कमी. तुम्ही सगळे दिसलात, बरे वाटले."

मी हे कुपन वाचून दाखवलं तेव्हा बाबा उठून गॅलरीत गेले. बराच वेळ आले नाहीत.

मी एकदा हिशोब मांडला होता. गणपतीला दहा-बारा दिवस, शिमग्याला नाहीतर मे महिन्यात पंधरा, म्हणजे वर्षाला पंचवीस दिवस धरा. १९५८ ते १९८२ चोवीस वर्षं. सहाशे दिवस. चोवीस वर्षांत वीस महिने ते आपल्या बायको-मुलांबरोबर राहिले. लालबाग, परळ, काळाचौकी, चिंचपोकळीच्या खोल्या अशा माणसांनी भरलेल्या होत्या आणि कोकणातल्या आमच्या वाड्या बाप नसलेल्या घरांनी. आम्ही गिरणगावाचं कौतुक करतो, भजनं, शक्ती-तुरे, गणपती, एकोपा, ते सगळं खरंच आहे. पण त्याची दुसरी बाजू कोकणात होती, बायकांनी एकटीने ओढलेली, त्याबद्दल फार कमी बोललं जातं असं मला मनापासून वाटतं.

मग संप. १८ जानेवारी १९८२. अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले. संपाचे पुढारी दत्ता सामंत, त्यांना आबा शेवटपर्यंत फक्त "डॉक्टर" म्हणायचे आणि त्यांच्याबद्दल वाईट एक शब्द कधी ऐकून घेतला नाही. सगळ्यांना वाटलेलं महिना-दोन महिन्यांत मिटेल. शिमग्याला आबा गावी आले आणि परत जाण्यासारखं काही उरलंच नव्हतं म्हणून राहिले. जवळजवळ दोन वर्षं.

संपाने काय केलं हे मला शिकवायची गरज नाही, आमच्या घराने भोगलंय. आजीची पुतळ्यांची माळ गेली ती आलीच नाही. काकांचं कॉलेज सुटलं, एकोणीसाव्या वर्षी ते मुंबईला हॉटेलात कामाला लागले, आणि त्यांच्याजवळ १९८२ चा विषय काढला की ते अजूनही उठून जातात. हे सगळं एका बाजूला. आणि दुसऱ्या बाजूला माझे बाबा म्हणतात, माझ्या लहानपणातलं सगळ्यात चांगलं वर्ष ते. ते नववीत होते. चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा कळलं की आपले वडील सकाळी तांब्या घेऊन कुठे बसतात, चहात किती साखर घेतात, झोपेत कुठल्या कुशीवर वळतात. बापाबरोबर भात लावला, नाचणी काढली, बांध घातला. आबांना शेतीची सवय मोडलेली, पहिल्या लावणीला कमरेत भरून आलं आणि बाबांनी त्यांना पाठीवर घेऊन आणलं. बाबा हे सांगताना लाजतात, एवढ्या लोकांची राखरांगोळी झाली आणि मी चांगलं वर्ष म्हणतो, असं त्यांना वाटतं. पण मला दोघांचंही पटतं, काकांचं पण आणि बाबांचं पण. एकाच घरातल्या दोन भावांना एकच वर्ष असं वेगवेगळं मिळालं.

त्याच वर्षी आबांनी आजीला लिहायला शिकवलं. रात्री जेवणं झाली की कंदिलापाशी बसून, धाकट्या आत्याच्या पाटीवर. आधी सही, मग मुळाक्षरं. आबांना ऐकू कमी येत असल्यामुळे आजी अक्षर मोठ्याने म्हणायची आणि अर्ध्या वाडीला ऐकू जायचं, आज ख झाला, आज ग झाला. वाडीतल्या बायका विहिरीवर चेष्टा करायच्या. नंतर त्यातल्याच दोघी पाटी घेऊन येऊन बसल्या.

१९८४ ला आबा परत मुंबईला गेले. गिरणीने घेतलं नाही. बावन्नाव्या वर्षी एका बिल्डिंगवर वॉचमन म्हणून लागले. पहिला पगार हातात आला तेव्हा आधी ते खानावळवाल्या मावशींकडे गेले. संपाच्या सुरुवातीला दोन महिने त्या मावशींनी उधारीवर जेवायला घातलं होतं, एकट्या आबांना नाही, त्यांच्याकडे जेवणाऱ्या सगळ्यांना, आणि त्यात त्या स्वतः बुडायला आल्या होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ ला सुरू केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळामार्फत त्यांनी बँकेचं कर्ज काढलेलं, त्याचे हप्ते डोक्यावर. आबांनी दोन महिन्यांचे पैसे ठेवले. त्या घेईनात. शेवटी आबा म्हणाले, भाऊबीज समजा. त्यानंतर मावशी असेपर्यंत आबांची भाऊबीज त्यांच्याकडेच, आणि मावशींच्या मुलाने आमच्या बाबांना मुंबईत पहिली नोकरी लावली.

वॉचमनला तर गिरणीएवढीही सुट्टी नाही. ही चौदा वर्षं आबांनी कशी काढली ते त्यांनी कधीच सांगितलं नाही, आणि त्या वर्षांची कुपनंही अगदी त्रोटक आहेत. मीही इथे जास्त लिहित नाही.

२६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात आबा ट्रंक घेऊन संगमेश्वर रोड स्टेशनला उतरले. बोटीने गेलेला माणूस रेल्वेने परत आला. आणि मग त्यानंतर सत्तावीस वर्षं, खोटं नाही सांगत, एक रात्र घराबाहेर काढली नाही. डोंबिवलीला आमच्या घराच्या वास्तुशांतीलासुद्धा आले नाहीत. बाबा रुसले, तर आजीकडून फोनवर निरोप, "ते म्हणतायत माझा बाहेर झोपायचा कोटा संपला." गिरणी कामगारांच्या घरासाठी आम्ही त्यांचा फॉर्म भरला होता, लॉटरीत नंबर लागला नाही, आम्ही हळहळलो आणि आबा मात्र गोठ्यात वासराला खाजवत बसले होते.

त्या सत्तावीस वर्षांत मी जे बघितलं ते फार साधं आहे. सकाळी चूल आबा पेटवायचे. आजीला उठायच्या आधी पाणी तापलेलं असायचं. नारळ सोलायचे आबा, तांदूळ निवडायला आजीच्या शेजारी बसायचे आबा, वाडीतले म्हातारे चिडवायचे तर त्यांना ऐकूच यायचं नाही. जेवायला बसले की एक घास घेऊन आजीकडे बघायचे आणि हाताने खूण करायचे, तळवा उताणा करून तो ओठांजवळ न्यायचा. साचेखात्यातली खूण. जेवलीस का? आजी मान हलवायची, मग पुढचा घास. रोज. दोन्ही वेळा. आम्हा सगळ्यांना ती खूण येते, आमच्या घरातली माझी तीन वर्षांची भाची पण करते.

आजी सध्या आमच्याकडे डोंबिवलीला आहे. येताना तिने ती लुगड्याची गाठोडी आणली. जानेवारीपासून रोज रात्री एक कुपन वाचायचं असं आमचं ठरलंय, पहिल्यापासून क्रमाने. एकच, जास्त नाही. मी वाचायला लागते आणि अर्ध्या ओळीनंतर ती पुढचं म्हणून दाखवते, चुकता नाही, पोस्टमनने पन्नास-साठ वर्षांपूर्वी एकदाच वाचलेलं. कुठे थांबायचं ते पण पोस्टमनसारखंच.

काल १९७१ चा श्रावण झाला. "रु. ६० पाठवले. गणपतीला येतो. धाकटीला फ्रॉक घेतला आहे, माप अंदाजाने. २ तुला."

मी कुपन घडी घालून ठेवायला लागले तर आजीने माझा हात धरला. म्हणाली, "चौऱ्याऐंशीनंतरच्या मी वाचणार हां. त्या तू ऐकायच्या."